केरेनहप्पूकची आत्या

बाईंचं स्वतःचं नाव मला आठवत नाही, आणि यात माझ्या स्मरणशक्तीपेक्षा बाईंचाच दोष जास्त आहे. आठ वर्षं आम्ही एका छपराखाली नोकरी केली. हजेरीपटावर त्यांची सही रोज माझ्या सहीच्या वर असे, पण ती कुणाच्या बापाला वाचता आली नसती. गाव त्यांना नर्सबाई म्हणे, मी नुसतं बाई म्हणे. नावाविषयी कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "माझं काय घेऊन बसलात, मला उरलेलं नाव मिळालं." ज्या नावासाठी त्या जन्मभर जगाशी भांडल्या ते दुसरंच होतं आणि ते त्यांचं नव्हतं.

मुळशी तालुक्यात, उरवड्याच्या पुढं डोंगराच्या पोटाशी आमचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि एक पाटी. साठच्या आगेमागचा तो काळ. डॉक्टर दर मंगळवारी येतात असा पंचक्रोशीत समज होता आणि तो मोडण्याचं पाप मी कधी केलं नाही. उरलेले सहा दिवस मी कंपाउंडर होतो आणि बाकीचं सगळं बाई होत्या. मी पुण्याहून, पेठेतून आलेला. दवाखान्यात हुकूम कुणाचा चालणार याविषयी पहिल्या दिवशी माझा थोडा गैरसमज होता, तो दुपारच्या जेवणाआधी दूर झाला.

बाई नगरकडच्या ख्रिस्ती होत्या. रविवारी त्या देवाची प्रार्थना करत आणि आठवडाभर पाणी उकळत. कात्र्या उकळत, फडकी उकळत, नाळ बांधायचा दोरा उकळत. माझा चहाचा कप त्यांनी न विचारता तीनदा उकळला आणि चौथ्यांदा तो तडकला तेव्हा म्हणाल्या, कपातच मुळात खोट होती. नातू बघायला आलेल्या पाटलांना त्यांनी एकदा दारातच अडवून कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मी काय त्याला खातुया व्हय, असं पाटील म्हणाले. बाई म्हणाल्या, "आधी हात धुवा, मग आजोबा व्हा." पाटलांनी मुकाट्यानं हात धुतले. पाटलांचे हात इतके स्वच्छ झालेले गावानं त्याआधी पाहिले नव्हते.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं नाही. लग्न आज ना उद्या होईलच, मुलगीही होईल, तेव्हा नावाची शोधाशोध नको, नाव माझ्याकडे तयार आहे, असं म्हणून त्यांनी ते सांगितलं: केरेनहप्पूक. मी म्हटलं, हे आपल्या कपाटात वरच्या फळीवर आहे का? त्यावर बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत, कारण त्यांनी मला त्या नावाचा इतिहास सांगितला.

तो मी पुढं इतक्या वेळा ऐकला की झोपेतही म्हणू शकेन. ईयोब नावाच्या एका भल्या माणसाचं देवानं सगळं काढून घेतलं. गुरं गेली, पोरं गेली, अंगाला फोड आले. तो तरीही देवाशीच वाद घालत बसला, तेव्हा देवानं कंटाळून त्याला सगळं परत दिलं. त्यात तीन मुली झाल्या आणि धाकटीचं नाव त्यानं केरेनहप्पूक ठेवलं. म्हणजे काजळ ठेवायचं शिंग. त्या मुलीनं पुढं काय केलं, हे शास्त्रात नाही. ती सुंदर होती आणि बापानं तिला भावांच्या बरोबरीनं वतनात वाटा दिला, एवढंच आहे. मग शेकडो वर्षं ते नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांनी आपल्या मुलींना मरिया आणि सारा करून टाकलं. पुढं विलायतेत काही फार धार्मिक कुटुंबांनी ते उचललं. कारण शास्त्रातलं जितकं अवघड नाव तितकं पुण्य जास्त, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्यातलीच एक मडम मिशनबरोबर जहाजातून नगरला आली, तिनं बाईंच्या पणजीला दुष्काळात वाचवलं आणि जाताना नाव ठेवून गेली. पणजीनं ते भाचीला दिलं, भाचीनं तिच्या भाचीला. त्यांच्या घरात ती रीतच पडली होती. नाव आत्यानं भाचीला द्यायचं, पिढीत एकीलाच द्यायचं.

एवढा समुद्र ओलांडून आलेलं नाव शेवटी उरवड्याच्या पुढं येऊन अडकलं होतं, जिथं एसटी दिवसातून दोनदा येई आणि पावसाळ्यात तेवढीही नाही.

अडकायचं कारण असं की बाईंच्या पिढीत ते नाव त्यांच्या थोरल्या बहिणीला मिळालं आणि ती नवव्या वर्षी प्लेगात गेली. बाई तेव्हा तीन वर्षांच्या. घरात पुन्हा ते नाव कुणी उच्चारलं नाही. राहता राहिला भाऊ. त्याला मुलगी झाली असती तर बाई आत्या झाल्या असत्या आणि काम सोपं होतं. पण भावाला एकापाठोपाठ तीन मुलगे झाले. एरवी अशा बातमीनं लोक पेढे वाटतात. बाई म्हणे प्रत्येक तारेनंतर दोन दिवस जेवल्या नव्हत्या. स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि केलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण रीत आत्याची होती, आईची नव्हती. मी म्हटलं, रीत थोडी वाकवा. बाई म्हणाल्या, मग ती रीत कसली, ती सोय.

म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला. बाळंतपण केलं आणि मुलगी झाली की त्या साडी-चोळी घेत नसत, नारळ घेत नसत. फक्त म्हणत, हिला हे नाव ठेवा. काजळ घालताच ना पोरीला, मग काजळाचं नाव घालायला काय जातं? गावानं आपल्या लेकरांना दगडू, धोंडू, उकिरडा अशी नावं आनंदानं ठेवली होती. चौथी मुलगी झाली की तिला नकुशी म्हणत, आणि मुलगी नको हे अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी रोज तिला हाक मारत. पण केरेनहप्पूक म्हटलं की हीच मंडळी पदर तोंडाला लावून हसत. लई अवघड वो बाई, जीभ वळत न्हाई.

तरी एखाद्या घरात ते वळलं असतं. चूक बाईंनीच केली. त्यांनी पाटलांच्या सुनेचं बाळंतपण केलं, मुलगी झाली, पाटील त्या दिवशी कशानं की खुशीत होते आणि नाव ठेवायला जवळजवळ तयार झाले. बाईंना राहवलं नाही. त्यांनी ओट्यावर बसून पाटलांना सगळी कथा सांगितली, अगदी वतनाच्या वाट्यासकट. दिल्लीत तेव्हा मुलींना बापाच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा नुकताच झाला होता आणि ती बातमी गावात पटकी आल्यासारखी ऐकली गेली होती. पाटलांनी कथा शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "नाव लई ग्वाड हाय, नर्सबाई. पर उद्या पोरगी नावाला जागली आन् भावापाशी वावर मागाया लागली, म्हंजी?"

त्या दिवसापासून सात-बारा असलेल्या प्रत्येक घरात ते नाव संपलं. मुलीचं नाव पाटलांनी शांता ठेवलं. ती पुढं नावाप्रमाणेच वागली.

राहिले सात-बारा नसलेले. आमच्या डोंगराच्या उतारावर मल्हारी नावाच्या धनगराची वस्ती होती. पाच-पंचवीस मेंढ्या, थोड्या शेळ्या, एक कुत्रं आणि बायको ठकू. एके सकाळी तो धावत खाली आला. ठकू आदल्या दिवसापासून अडली होती, सुईण हात टेकून बसली होती. बाई पिशवी घेऊन निघाल्या आणि उकळायचं भांडं मला उचलायला लावलं. मी झोपडीबाहेर पाणी तापवत होतो, त्यामुळं जे ऐकलं ते बाहेरून. बाईंना काम करताना पुटपुटायची सवय होती, आणि त्या काय पुटपुटत हे मला एव्हाना ठाऊक होतं. मुलगी होऊ दे, एवढीच त्यांची देवाकडं मागणी असे, आणि मागणीत ते नाव असे. त्या दिवशी ठकूच्या उशाशी वाकून त्या तासन्‌तास तेच नाव म्हणत राहिल्या. दुपारी मुलगी झाली. मुलगी जिवंत, आई जिवंत. बाई बाहेर येऊन दगडावर बसल्या. मी न सांगता त्यांच्या कात्र्या पुन्हा उकळायला टाकल्या, ही माझी त्या आठ वर्षांतली मोठी कामगिरी.

मल्हारीला बहीण नव्हती. बारशाला आत्या कुठून आणायची, असा प्रश्न पडला तेव्हा तो दवाखान्यात आला, ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, तुमीच व्हा." आत्या व्हा, हे वाक्य ऐकायला बाई बावन्न वर्षं थांबल्या होत्या. त्यांनी आधी त्याला हात धुवायला सांगितलं.

बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि ते सांगून होईपर्यंत बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. शांता, सीता अशा नावांना ते सोसतं. सहा अक्षरी नावाला, आणि तेही बाईंनी चवीनं, एकेक अक्षर लावून सांगितलं तेव्हा, पाठीची काय अवस्था झाली ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. पण बाईंचा चेहरा मी तसा उजळलेला पुन्हा पाहिला नाही. भावाला पत्र गेलं, नगरच्या पाळकांना पत्र गेलं. मला कप उकळून मिळाला, नवा.

सहा महिन्यांनी बाई भाचीला बघायला वस्तीवर गेल्या, तर सगळे तिला हौसा म्हणत होते. कानातलं नाव काय झालं, असं विचारल्यावर ठकूनं घाबरून इकडंतिकडं पाहिलं आणि बाईंच्या तोंडावर हात ठेवला. त्याच वेळी झोपडीमागं एक मेंढी अडली होती. मल्हारीनं हात गरम पाण्यानं धुतले, मेंढीच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, केरेनहप्पूक.

झालं होतं ते असं. ठकूचा जीव गेल्यातच जमा होता, आणि नर्सबाई कानाशी एक शब्द म्हणत राहिल्या, आणि ती सुटली. पुढं बारशाला तोच शब्द पोरीच्या कानात सांगितला. याचा अर्थ न कळायला मल्हारी खुळा नव्हता. तो मंत्र होता, आणि नर्सबाईंनी आपला मंत्र कुणालाही न देता त्याच्या पोरीच्या कानात ठेवला होता. त्यानं जवळच्या दोन सुइणींनाही तो मोठ्या उपकाराच्या भावनेनं दिला होता. वर्षभरात खोऱ्यातल्या सगळ्या सुइणी अडलेल्या बाईच्या कानाशी केरेनहप्पूक म्हणू लागल्या. आता, बाई तो शब्द म्हणायच्या आधी हात धुतात आणि कात्री उकळतात हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तेव्हा तसं केल्याशिवाय मंत्र लागू पडत नाही असं ठरलं. बाईंनी दहा वर्षं घसा फोडून जे झालं नव्हतं ते झालं. खोऱ्यातली झाडून सगळी सुईण मंडळी नाळ कापायचा विळा उकळू लागली.

मी बाईंना म्हटलं, यापेक्षा मोठा वारसा कुठल्या नावाला मिळाला असेल? राजाराण्यांची नावं रस्त्यांना देतात आणि रस्त्यांवर गुरं बसतात. तुमच्या नावानं बाया वाचताहेत. बाई म्हणाल्या, "आणि मेंढ्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी पुढचा विनोद गिळला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मला ते नाव मोठं करायचं नाहीये रे. कुणीतरी हाक मारावी आणि कुणीतरी ओ द्यावी, एवढंच ऐकायचंय. ताई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. आई तिला हाक मारत असेल, ती ओ देत असेल. मला काहीच आठवत नाही."

हौसा सहा वर्षांची झाली तेव्हा बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. शाळेत नाव घालायच्या दिवशी त्या मल्हारीबरोबर गेल्या. मीही गेलो, कारण असा तमाशा फुकट बघायला मिळत नाही. मास्तरांनी पोरीचं नाव विचारलं. बाईंनी मल्हारीकडं पाहिलं. मग त्यानं बाईंना बाजूला, पिंपळाखाली नेलं.

"आक्का, तुमी सांगाल ते करीन," तो म्हणाला. "पर हे न्हाई. कानातलं त्वांडात आलं की त्याचं बळ जातं. ठकी त्याच्यावर वाचली. माजी मेंढरं त्याच्यावर हायेत. चारचौघांत बोललं की संपलं."

बाई म्हणाल्या, अरे, तो मंत्र नाही, ते नाव आहे. मल्हारीनं समजूतदारपणे मान हलवली. मंत्र देणारा तसं म्हणणारच. ज्या माणसांनी नाव हसण्यावारी नेलं त्यांनी ते घेतलं नाही, आणि ज्यानं डोक्यावर घेतलं तो ते तोंडातून काढायला तयार नव्हता. शाळेच्या पटावर हौसा लागलं.

पुढच्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. सरपंचांनी दवाखान्यासमोर भाषण केलं, त्यात बाईंपेक्षा स्वतःचा उल्लेख जास्त होता. पाटलांनी शाल दिली. सकाळच्या एसटीनं बाई नगरला भावाच्या मुलांकडं जाणार होत्या, त्याच तीन मुलांकडं. फाट्यावर निम्मं गाव जमलं. सुइणी आल्या, ठकू हौसाला घेऊन आली. मल्हारी तेवढा आला नाही. बाई खिडकीशी बसल्यावर मला म्हणाल्या, आक्का आक्का म्हणतो आणि फाट्यापर्यंत यायला याला सवड नाही. त्यांना लागलं होतं. मी म्हटलं, मेंढ्या सोडल्या असतील. कंडक्टरनं घंटी ओढली.

तेव्हा वरून, उतारावरून हाक आली. मल्हारी खडकावर मेंढरांच्या मधे उभा होता. या दरडीवरून त्या दरडीला हाक घालण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाचा आवाज होता तो. एकही अक्षर न गाळता, सबंध खोऱ्याला ऐकू जाईल असं त्यानं ते नाव घेतलं.

"केरेनहप्पूऽऽक!"

सुइणींनी तोंडावर हात नेले. एकजण मट्‌कन खालीच बसली. हौसानं आईकडं पाहिलं. ठकूचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिनं मान हलवली. मग पोरीनं वर बघून, शेळ्या राखताना देतात तशी मोकळ्या गळ्यानं ओ दिली.

"आत्याच्या पाया पड," वरून पुन्हा आवाज आला.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पोर आत चढली, पाया पडली आणि उतरली. बाईंनी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला होता, आणि रडत होत्या, आणि कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती. मलाही नव्हती. गाडी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभा होतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला मल्हारीच्या मेंढ्या व्यायला लागल्या आणि एकामागून एक गेल्या. कसला तरी रोग होता, आसपासच्या वस्त्यांवरही आला होता. सुइणींनी तर तो शब्द फाट्यावरच सोडला होता. हात धुणं मात्र, सोडा असं कुणी सांगितलं नाही म्हणून, चालू राहिलं. मी वस्तीवर गेलो तेव्हा मल्हारी रिकाम्या वाघरीपाशी, मेंढ्या कोंडायच्या त्या जाळीपाशी, बसला होता. मी त्याला माझं पेठेतलं शहाणपण ऐकवलं. रोग जंतूंमुळं येतो, हाक मारल्यानं येत नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, व्हायचंच व्हतं, कंपांडर. मला ठावं व्हतं.

मला त्याचा राग आला. म्हटलं, ठाऊक होतं, तर मग ओरडलास कशाला?

तो माझ्याकडं असा बघत राहिला, की मला रीतभात शिकवणारं घरी कुणी नव्हतं का, असा प्रश्न त्याला पडला असावा.

"बहीण चालली व्हती," तो म्हणाला. "लोक साडी-चोळी करत्यात, दागिना करत्यात. माज्याकडं द्याया तेवढंच व्हतं. मोकळ्या हातानं बोळवण कशी करायची?"